विशेष काही नाही

बहुतेक नोकऱ्यांमध्ये काहीतरी घडवून दाखवावं लागतं. गवंडी भिंत दाखवतो, शिक्षक निकाल दाखवतो, पोलिसालासुद्धा अधूनमधून मुद्देमालाशेजारी उभं राहून फोटो काढून घेता येतो. परिविक्षा अधिकाऱ्याचं, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचं, आयुष्य मात्र काही घडू नये म्हणून खर्ची पडतं. आणि घडलं नाही, तर ते आपल्यामुळेच घडलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगताही येत नाही. न झालेल्या चोरीचा पंचनामा होत नाही, आणि न उगारलेल्या हाताचा वळ कोणाच्या गालावर सापडत नाही. मी निवृत्त होईपर्यंत पुष्कळ अहवाल लिहिले. त्यांतले सर्वांत यशस्वी अहवाल सर्वांत कंटाळवाणे होते. इसम घरीच राहतो, कामावर जातो, वर्तणूक समाधानकारक, विशेष काही नाही. साहित्य म्हणून टाकाऊ, पण एखाद्या घराच्या दृष्टीने महाकाव्य.

आमच्या कामाचा मूळ ग्रंथ म्हणजे १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम. दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात धाडण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, घरी सोडण्याची मुभा तो न्यायालयाला देतो. एकविसाच्या आतल्या पोरासोरांना शक्यतो कोठडी दाखवू नये, असंही त्याचं म्हणणं. पण न्यायाधीशांनी विश्वास टाकायचा तर कोणीतरी आधी चौकशी करायला हवी. ही चौकशी म्हणजे थेट लग्नाच्या स्थळाची चौकशी. मुलगा काय करतो, संगत कशी, जमीन किती, वडील ‘घेतात’ का. फरक एवढाच की स्थळाच्या चौकशीत लोक हातचं राखून बोलतात आणि इथे उदार होतात. एका गावात ज्यांची शेळी चोरीला गेली होती त्याच गृहस्थांनी मला ओसरीवर बसवून सांगितलं, “पोरगं लई गुणी हाय बघा, बाई. कुणाच्या अध्यात ना मध्यात.” मग बराच वेळ चुना मळून झाल्यावर हळूच पुस्ती जोडली, “फकस्त माझी शेळी तेवढी.” हे वाक्य मी अहवालात जसंच्या तसं घालू शकले नाही, याची रुखरुख मला आजही आहे. गुन्हेगारीशास्त्राच्या जाड पुस्तकांत माणसाचं इतकं न्याय्य मोजमाप मला कुठे आढळलं नाही.

परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय समजावा, असं कलम सातमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कायदा लिहिणारे एसटीने खेड्यात उतरले नसावेत. खांद्याला पिशवी लावलेली परगावची बाई फाट्यावर उतरून पत्ता विचारते, तेव्हाच गोपनीयतेने निम्मा रस्ता काटलेला असतो. पुढे पोरं वाट दाखवायला निघतात. कोणाला वाटतं बचत गटाची बाई, कोणाला वाटतं विम्याची. तेवढ्यात त्या घरची आई मला घोंगडीवर बसवते, चुलीकडे वळते आणि तिच्या लक्षात येतं की दूध नाही. मग धाकटीला शेजारी पिटाळलं जातं आणि भिंतीपलीकडून खणखणीत आवाज येतो, “काकू, दादाच्या कोर्टाच्या बाई आल्यात, कपभर दूध द्या!” तो चहा नाकारला तर माउलीचा चेहरा पडतो, घेतला तर गाव जाणतं. मी तो घेत असे. कायद्याने दुधाचा विचार केलेला नाही.

परिविक्षेच्या या उपद्व्यापाचा पहिला धनी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जोडे बनवत असे. जॉन ऑगस्टस त्याचं नाव. १८४१ मध्ये तिथल्या कोर्टात एका दारुड्याला शिक्षा होणार, तेवढ्यात हा गृहस्थ त्याला जामीन राहिला. काही आठवड्यांनी तोच माणूस शुद्धीवर, नीटनेटका होऊन न्यायाधीशांसमोर उभा राहिला आणि त्याला खर्चाव्यतिरिक्त दंड झाला एका सेंटचा. ऑगस्टसला पगार नव्हता, पदनाम नव्हतं, प्रवासभत्त्याची बिलंही नव्हती. परक्या माणसासाठी कोर्टात उठून उभं राहायचं, एवढीच त्याची पात्रता. आम्हाला मात्र लेखी परीक्षा द्यावी लागली.

आपल्याकडेही वेड्या शहाण्यांची कमतरता नव्हती. औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या राज्यात, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तिथे कैदी भिंतींशिवाय, शेती करत, बायकामुलांसह राहू लागले. त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. माणदेशातल्या त्या मोकळ्या, उन्हाने पांढुरक्या झालेल्या रानातून जाताना मला वाटायचं, पळून जायला इतकी जागा असूनही माणूस थांबतो तेव्हा त्याला नेमकं काय धरून ठेवत असेल? उभं पीक असेल, लेकराची शाळा असेल किंवा आपल्यावर कोणी पहारा ठेवलेला नाही याचं ओझंही असेल. तो चित्रपट पाहून डोळे पुसणारी माणसं मला आयुष्यभर भेटली. त्यांतल्याच काहींनी आमच्या पोरांना खोली भाड्याने द्यायची वेळ येताच “आमची हरकत नाही हो, पण आजूबाजूला बायकापोरं आहेत” असं म्हणून डोळे कोरडे केले.

बंधपत्रावर सुटलेल्यांच्या देखरेखीचं म्हणाल तर मी त्यांच्यावर ठेवली त्याहून जास्त त्यांनी माझ्यावर ठेवली. गवंडीकाम करणारा एक तरुण कार्यालयात हजेरीला यायचा. त्याच्या कामाची, दारूची, झोपण्याच्या जागेची चौकशी संपली की आमच्यात बोलायला काही उरत नसे. मग दोघंही खिडकीबाहेरच्या निलगिरीकडे बघत बसायचो. हळूहळू त्याने सूत्रं हाती घेतली. “म्याडम, बीपीची गोळी घेतली का?” “म्याडम, हे कपाट भिंतीला टेकवू नका, वाळवी लागंल.” आणि त्याच्या गावी गृहभेटीला गेले की ऊन कलताच उठून उभा राहायचा, “शेवटची गाडी हाय, निघा आता.” बंधपत्राची मुदत संपली, कागद बंद झाला, तरी पुढच्या महिन्यात तो दारात हजर. मी म्हटलं, “अरे, आता यायचं कारण नाही.” म्हणाला, “माहीत हाय की. पण गोळी?” कारण नसताना येणाऱ्या माणसासाठी आमच्या नोंदवहीत रकानाच नव्हता. त्या भेटीची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही.

परिविक्षेवर सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता चिकटू नये, असं कलम बारा सांगतं. गरज पडल्यास त्याला योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करावा, हे कलम चौदाने आमच्या कर्तव्यांत घातलं आहे. कायद्याने आपला वाटा दोन वाक्यांत उचलला. पण सिमेंटची पाटी, दुकानातलं स्टूल किंवा ट्रकची किल्ली कायद्याच्या हातात नसते, ती तुमच्या हातात असते. तेव्हा असा कोणी कामाला आला तर घ्या त्याला. त्याला सुधारायला जाऊ नका, उपदेश कोर्टाने केलेला असतो. पगार तारखेला द्या, नावाने हाक मारा, आणि पहिले काही दिवस गल्ला मोजताना त्याच्याकडे चोरून बघू नका. तो बघत असतो.