पाच चेहऱ्यांत माझा नव्हता

मा. मांडणीकार महोदय / महोदया,
सा. न. वि. वि.

गेल्या सोमवारी दुकान उघडून कॉम्प्युटर चालू केला, तर पानं लावायचं आमचं सॉफ्टवेअर रात्रीत नवं होऊन बसलेलं. थोड्या वेळाने पडद्यावर पाच चेहरे आले, रडक्यापासून खिदळणाऱ्यापर्यंत, आणि खाली प्रश्न : ‘नवं रूप कसं वाटलं?’ पाचांत माझा चेहरा काही सापडला नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. 22 वर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणूक आली की हँडबिलं करते. एवढ्या काळात हाताला लागलेली सवय तुम्ही एका रात्रीत सोडवलीत, याबद्दल आधी आभार. पन्नाशीत पुन्हा बालवाडीत बसायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

तुमची सजावट मात्र संस्कारी आहे. जिथे ‘फाइल’, ‘एडिट’ असे सरळ शब्द होते, तिथे आता कोपऱ्यात तीन आडव्या रेघा. पहिल्या दिवशी मी त्यांना पिंडीवरचं भस्म समजून हात जोडले. मग कळलं, या रेघा नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी काढल्या होत्या, आणि तो बाजारात आला 1981 साली. म्हणजे तुमचं ‘नवं’ माझ्या दुकानाहून जुनं निघालं. शेजारचे नऊ ठिपके रांगोळीला उपयोगी पडतील. बाकी सगळं फिक्या करड्यावर त्याहून फिकं करडं. शाई इतकी कमी लागली तर आम्ही तो कागद गिऱ्हाइकाला दाखवत नाही, रद्दीत टाकतो.

माझे सासरे छापखान्यात खिळे जुळवायचे. नजर मजकुरावर, हात मात्र न बघता बरोबर त्या खणात. ‘क्ष कुठे असतो हो?’ म्हणून विचारलं तर त्यांना तोंडाने सांगता यायचं नाही. हात पुढे करून दाखवायचे. माझंही तेच आहे. मला कमांडचं नाव ठाऊक नसतं, जागा ठाऊक असते. आणि तुम्ही म्हणता, सापडत नसेल तर वरच्या चौकटीत नाव टाइप करा! तेही करून पाहिलं. माझा कीबोर्ड दिवसभर मराठीवर असतो. घाईत इंग्रजी नाव ठोकलं, तर चौकटीत असं काही उमटलं की पत्रिकेत छापलं असतं तर सोयरीक मोडली असती.

हे तुमच्या घराण्यातच आहे म्हणा. ऑफिस 2007 मध्ये जुने मेनू गेले आणि रिबन नावाचा पट्टा आला. माझा भाऊ पतसंस्थेत हिशेब बघतो. एक्सेलमध्ये नुसते आकडे चिकटवायला तो आजही ऑल्ट, ई, एस, व्ही अशी बटणं ओळीने दाबतो. ई म्हणजे एडिट मेनू. तो मेनू जाऊन जमाना झाला, तरी बटणं चालतात. वाडा पाडून वर टॉवर उठला, पण जुन्या जागी कडी वाजवली की आतून कुणीतरी ‘कोण?’ म्हणतं. ज्याने हे राखलं त्याला माझा नमस्कार सांगा. तुमच्यात असा एक तरी माणूस असतो, बहुधा मीटिंगमध्ये गप्प बसणारा.

उलट विंडोज 8 आठवा. 1995 पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्ट बटण 2012 मध्ये काढलं, वर्षभरात 8.1 मध्ये बटण परत आणलं, आणि मेनू नीट परतायला 2015 चं विंडोज 10 उजाडलं. विंडोज 11 ने ते बटण मधोमध आणून बसवलं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं, की नेम किती लवकर लागेल हे लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतं. कोपऱ्यात बाण कसाही भिरकावला तरी कडेला अडतो. मध्यावर मात्र नेम धरावा लागतो. सेटिंगमध्ये जाऊन ते डावीकडे नेता येतं, हे खरं. पण सामान तुम्ही हलवायचं आणि परत आम्ही लावायचं, ही कुठली रीत?

आता सोमवारचं सांगते. संध्याकाळी सात वाजता वरपिते आले. सोबत त्यांचे धाकटे भाऊ, एसटीतून रिटायर झालेले. पत्रिकेत त्यांचंच नाव राहिलं होतं आणि पहाटे छपाई. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. रकाना वाढवायचं बटण शोधता शोधता साडेआठ झाले. काका स्टुलावर बसून तीन चहा प्यायले. ‘राहू द्या हो ताई, पेनाने लिहू,’ असंही म्हणाले. शेवटी जी एक चौकट उघडली तिच्यात मी नाव चिकटवलं, डोळे चोळले आणि फाइल पाठवून दिली. चारशे पत्रिका छापून झाल्यावर दिसलं, की ती चौकट किलबिलची होती. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!’ याखाली चिंगी, सोनू, पिंट्या आणि बासष्ट वर्षांचे काका.

बदल करू नका असं मी म्हणत नाही. खिळे गेले म्हणून तर माझं दुकान चाललं. फक्त रात्रीत करू नका, लग्नसराईत करू नका, आणि जुनी मांडणी परत आणायचं एक बटण ठेवा. त्यावर मराठीत किंवा इंग्रजीत, कशातही लिहा, पण अक्षरं लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नवशिकी, अनुभव 22 वर्षे

ता. क. : पाच चेहऱ्यांत सहावा घालायचा विचार असेल तर काकांचा फोटो पाठवते. पत्रिका पाहिल्या तेव्हाचा आहे.