एका वर्षाची कप्तानी

वाशीमला पुढाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची झाली, खताची झाली, सोयाबीनच्या भावाची तर दर हंगामात होते. पण नेतृत्वाचं पीक आमच्याकडे बारमाही. पाटणी चौकात उभं राहून मान वर केली की आभाळाच्या आधी फ्लेक्स दिसतो. मधोमध वाढदिवसाचे मानकरी, मोबाईल कानाला लावलेले. खाली शुभेच्छुकांचे चिमुकले फोटो, आणि त्यातला प्रत्येक जण कशाचा ना कशाचा अध्यक्ष, उपाध्यक्ष, अगदीच काही नसेल तर 'भावी' काहीतरी. अशा गावात सिस्टर लोकांच्या शाळेने पालकसभेत सांगितलं की 'आम्ही मुलांमध्ये नेतृत्वगुण विकसित करतो', तेव्हा मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "आता अजून?"

विदर्भात कॉन्व्हेंट गल्लोगल्ली आहेत. सरस्वतीच्या नावाची, हनुमंताच्या नावाची, संस्थापकांच्या दिवंगत मातोश्रींच्या नावाची. आणि त्यांत सिस्टर औषधालाही सापडत नाही. मी बोलतोय ती शाळा मात्र खरोखरीच्या सिस्टरांची. अशा शाळा चर्चच्या हिशोबात अमरावती धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा निघाला, आणि आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून. म्हणजे वेगळी चूल मांडण्याचा अनुभव दोन्हीकडे आहे. वर्गात ख्रिस्ती मुलं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी कापडवाल्याची, कृषी सहायकाची, तांड्यावरून येणारी, मंगरूळपीर नाक्यावरच्या गॅरेजवाल्याची. केंद्र सरकारने २०१८ साली वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. यादी करणाऱ्यांनी इथल्या शाळेच्या प्रवेशाची रांग पाहिली असती, तर 'अतिआकांक्षित' असा वेगळा रकाना काढावा लागला असता.

तर माझी भाची या शाळेत हेडगर्ल झाली. घरी बातमी आली तेव्हा आजी ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती.

"म्हंजे काय झाली व?"

"अख्ख्या शाळेची लीडर, आजी."

"मंग पगार किती?"

"पगार नसते."

"मंग मोटर?"

"नाही ना व."

"मंग भेटते काय?"

"बिल्ला."

आजीने डाळीतला खडा उचलून अंगणात फेकला. पगार नाही, मोटर नाही, तरी पद घ्यायला पोरगी एवढी उड्या मारते, हे तिच्या साठ वर्षांच्या राजकीय निरीक्षणात कुठेच बसेना.

बिल्ला देण्याचा समारंभ जुलैत असतो. विदर्भात उन्हाच्या भीतीने शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, त्यामुळे पुस्तकांना कव्हरं घालून होतात न होतात तोच हा सोहळा येतो. खांद्यावरून आडवा पट्टा, छातीवर बिल्ला, एका हातात मेणबत्ती, दुसरा हात शपथेसाठी पुढे. शपथ इंग्रजीत, त्यामुळे पालकांना ती फार आवडते. प्रमुख पाहुणे पोलीस खात्यातले किंवा महसूल खात्यातले. ते हमखास सांगतात की मीही लहानपणी मॉनिटर होतो, आणि त्यांच्याकडे पाहून ते पटतं. बँड वाजतो, पाऊस येतो, मेणबत्त्या विझतात, बाप लोक मोबाईल वर धरून आपल्याच मुलाऐवजी शेजारच्या मुलाचा पूर्ण व्हिडिओ काढतात.

हेडबॉय-हेडगर्लच्या खाली हाउसचे कप्तान. चार हाउसं: लाल, निळं, हिरवं, पिवळं. चारही संतांच्या नावांची. एका इतिहासाच्या मास्तरांनी स्टाफरूममध्ये सुचवून पाहिलं होतं म्हणे, की एखाद्या हाउसला वाकाटकांचं नाव द्या. सूचना मागे पडली, पण माझ्या मते त्यात तथ्य होतं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. चौथ्या शतकात प्रवरसेनानंतर वाकाटकांचं घराणं फुटलं; एक पाती रामटेकजवळ नंदिवर्धनला, दुसरी आमच्या वत्सगुल्माला. त्यांची आपसात चुरसही चालायची. इंग्लंडातल्या बोर्डिंग शाळांनी हाउसं काढली त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे दोन हाउसं आणि एक ट्रॉफी अशी व्यवस्था होती. फरक एवढाच की वत्सगुल्माच्या हाउसच्या वाट्याला हरिषेणासारखा कप्तान आला, आणि त्याच्या काळात अजिंठ्याची लेणी रंगली. सध्याच्या हाउसांकडे फक्त बुलेटिन बोर्ड रंगवायचं काम असतं.

पण या रंगांची खरी गंमत वेगळीच आहे. आमच्या गावात रंग नुसते रंग नसतात. निळा कुणाचा, हिरवा कुणाचा, पिवळा कुठल्या भंडाऱ्यातला, हे शेंबडं पोरही सांगतं. शाळेत मात्र हजेरीपटावरच्या क्रमाने वाटणी: पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा हिरवा, चौथा पिवळा, पाचवा पुन्हा लाल. त्यामुळे शनिवारी हाउसचे टीशर्ट घालून पोरं निघाली की चौकातल्या टपरीवाल्यांची फार पंचाईत होते. गॅरेजवाल्या पठाणाचा मुलगा पिवळाधम्मक, मेंढपाळाची मुलगी हिरवीगार, मारवाड्याचा पोरगा निळा आणि कबड्डीत हरला म्हणून रडवेला. एक काका सुरुवातीला शाळेत जाऊन आलेही, की आमच्या मुलाला हा रंग नको. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे हजेरीपट पुढे केला. त्याच्याशी भांडायला तोंड नव्हतं. पुढे स्नेहसंमेलनात तेच काका त्याच रंगासाठी घसा बसेपर्यंत ओरडताना मी पाहिले आहेत.

निवडणुकीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शालेय मंत्रिमंडळ असतं. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीमंत्री, परसबागेचा मंत्री. हल्ली तर मोबाईलवर बटण दाबून मतदान घेतात, बोटाला शाई लावतात, आणि हरलेला उमेदवार यंत्रावर शंका घेतो, इथपर्यंत शिक्षण पोचलंय. सिस्टरांच्या शाळेत मतदान होतं, पण उमेदवारांची चाळणी शिक्षक करतात. भाचीच्या भाषणात मधल्या सुट्टीतल्या नळांचं आश्वासन होतं. तिच्या प्रतिस्पर्ध्याने गृहपाठ कमी करण्याचं दिलं. तो पडला याचं मला आजही नवल वाटतं.

या सगळ्या उतरंडीत सगळ्यात खाली असतो वर्गाचा मॉनिटर, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यांत थोर. त्याचं कुळही लांबचं आहे. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९च्या सुमारास मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा बघायला लागला. मास्तर कमी, मुलं फार. त्याने एका देशी शाळेत पोरांना वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं, आपल्याही शाळेत ते सुरू केलं, आणि जाणत्या पोरांना धाकट्यांवर नेमलं. १७९७ साली त्याने लंडनला पुस्तक छापून ही 'मद्रास पद्धत' सांगितली आणि ती इंग्लंडभर पसरली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर थोरली पोरं धाकट्यांचे हात गिरवून घेतच होती. म्हणजे बूट-टाय घालून, इंग्रजीत 'सायलेन्स' ओरडत जो मॉनिटर वाशीमला आला, तो माहेरीच आला होता. फक्त आपण त्याला ओळखलं नाही, आणि त्याची फी भरली.

कॅथलिक शाळांत त्याचा आणखी एक जुना चुलता निघतो. १५९९ साली येशूसंघीयांनी आपल्या शाळांसाठी सविस्तर नियमावली काढली. तीत दहा मुलांमागे एक म्होरक्या नेमण्याची सोय होती. त्याने सोबत्यांचं पाठांतर ऐकायचं, लिहिलेले कागद गोळा करायचे, आणि कोण कितीदा अडखळला ते वहीत टिपायचं. चार शतकं झाली. वहीचा फळा झाला, बाकी धंदा तोच.

बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटरने खडू घेऊन उभं राहायचं आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायची. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली, तिसऱ्यांदा बोलला तर दुसरी फुली. ऐकायला सोपं आहे. पण बोलणारी जिवलग मैत्रीण असते. नाव लिहावं तर उद्या डब्यातला ठेचा बंद, न लिहावं तर चाळीस तोंडं एकदम 'पार्शालिटी' म्हणून ओरडणार. मोठमोठ्या न्यायमूर्तींना निदान दोन्ही बाजूंच्या वकिलांसोबत एका डब्यात जेवावं लागत नाही. भाचीने पाचवीत हे पद भोगलं, तेव्हा ती रोज संध्याकाळी एक चेहरा करून यायची. फळा पुसायला सांगणारे, बोरं देऊ करणारे, 'मी बोललो नाही, नुसते ओठ हलवले' असं म्हणणारे, असे अशिलांचे प्रकार ती सांगायची. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या मॉनिटरने यावर अस्सल वऱ्हाडी तोडगा काढला. त्याने त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावं लिहिली. कुणाची तक्रार नाही, फळाही भरलेला. सिस्टरांनी हजेरीपट उघडेपर्यंत वर्गात संपूर्ण समाधान होतं. या मुलाचं पुढे चांगलं होईल असं आमच्या घरी सगळ्यांचं मत पडलं.

हेडगर्ल झाल्यावर नावं लिहिण्याचं काम संपलं, पण सकाळी सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभं राहायचं, पहिलीतल्या पोरांना बसमधून उतरवून घ्यायचं, कुणाची नाडी, कुणाची बाटली, कुणाचं रडू सांभाळायचं. ज्या पदाला पगार नाही त्याला एवढं काम कसं, हा आजीचा दुसरा प्रश्न होता.

तिसरा प्रश्न फेब्रुवारीत आला. दहावीच्या निरोपसमारंभाला भाची पट्टा आणि बिल्ला घेऊन गेली आणि हात हलवत परत आली. बिल्ला ऑफिसात जमा, यादीत सही. तिची आई हळहळली. शोकेसमध्ये जागा करून ठेवली होती. पण शाळेचा नियम साधा आहे: बिल्ला शाळेचा, तो पुढच्या जुलैत दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर जाणार. आमच्याकडे एकदा सरपंच झालेला माणूस मरेपर्यंत सरपंच असतो, लग्नपत्रिकेतही 'माजी' लावून छापला जातो. 'माजी हेडगर्ल' असं मात्र अजून कुठल्या पत्रिकेत वाचलं नाही. त्या येशूसंघीय नियमावलीत तर वर्गातले अधिकारी महिन्या-दोन महिन्यांनी बदलावेत असं म्हटलंय. आमच्या नगरपालिकेत हे सुचवून पाहावं, असं मनात येतं आणि जातं.

आणि हा नियम एकट्या पोरांना नाही. आधीच्या मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, केरळच्या. मराठी शिकल्या त्या शिपाई आणि बस-ड्रायव्हरकडून, त्यामुळे इंग्रजी कडक आणि मराठी थेट वऱ्हाडी. उशिरा येणाऱ्या पोराला "काहून झाला बे उशीर?" असं विचारायच्या, आणि पोरगं उशिराचं कारण विसरून जायचं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या स्पर्धेत परीक्षक असायच्या; बैलाची शिंगं बघण्याआधी चाकं नीट फिरतात का ते पाहायच्या. शाळेची नवी इमारत त्यांनी उभी केली. आणि एका उन्हाळ्यात, एक पेटी घेऊन, दुसऱ्या गावी निघून गेल्या.

गावात खळबळ. "काहून काढलं तिले?" इथपासून सुरुवात. एका गटाने भ्रष्टाचाराची शक्यता तपासली. सापडेना म्हणून राजकारणाची. दहा-बारा पालकांचं शिष्टमंडळ लोकप्रतिनिधींकडे गेलं आणि बदली रद्द करण्यासाठी पत्र घेऊन आलं. ते पत्र कुणाला द्यायचं, इथे गाडी अडली. कलेक्टरला द्यावं तर त्यांचा संबंध नाही, पोपला द्यावं तर तालुक्यात ऑफिस नाही. शेवटी ते सिस्टरांनाच दिलं. त्यांनी वाचलं, हसल्या, आणि पत्राच्या भाषेतल्या दोन चुका दुरुस्त करून परत केलं.

चर्चच्या १९८३च्या कायद्यातच आहे की धर्मसंघातले वरिष्ठ ठरावीक मुदतीपुरतेच नेमायचे. मुदत संपली की कालची वरिष्ठ आज दुसरीच्या हाताखाली. शाळेची मुख्याध्यापिका संघाची वरिष्ठ असतेच असं नाही, पण बदलीचं वारं सगळ्यांना सारखं लागतं. पुढे कळलं की आमच्या सिस्टर नव्या गावी बालवाडीच्या वर्गावर आहेत, आणि त्या शाळेची प्रमुख त्यांच्याहून वयाने लहान आहे. शिष्टमंडळातल्या एका सद्‌गृहस्थांना हे इतकं अशुभ वाटलं की त्यांनी विषयच बदलला.

भाची आता अकरावीला लातूरला. वाशीमची पोरं दहावीनंतर अकोला नाहीतर लातूर गाठतात. डॉक्टरकीचा रस्ता तिकडूनच जातो असा समज आहे. क्लासमध्ये शेकडो मुलं, त्यांत निम्मी कुठल्या ना कुठल्या शाळेची हेडबॉय किंवा हेडगर्ल. मेसच्या रांगेत ताट घेऊन सगळे उभे असतात. परवा फोन आला, तो आजीने स्पीकरवर घेतला.

"तिथं मॉनिटर कोण हाय व?"

"इथं मॉनिटर नसते, आजी. कॅमेरा असते. अन् अंगठा लावला की हजेरी."

आजीने बराच विचार केला.

"मंग बोलनाऱ्यायचे नावं कोण लिवते?"

पलीकडून भाची हसायला लागली. मग मागून कुणीतरी तिला मराठवाड्याच्या बोलीत हळू बोलायला सांगितलं, आणि ती त्या मुलीला म्हणाली, "थांब, तुझं नावच लिहिते."