क्रेन हलली हो!

बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या काम्प नोऊ स्टेडियमचे नूतनीकरण जून २०२३मध्ये सुरू झाले. संघ मॉन्जुइकच्या टेकडीवर बिऱ्हाड घेऊन गेला आणि चाहत्यांच्या वाट्याला बांधकामावरचा थेट कॅमेरा आला. आपल्या कुंभिवली गावात दुपारची जेवणं आटोपतात, तेव्हा तिकडे सकाळची पाळी लागते. म्हणजे वेळही सोयीची.

बांधकाम बघण्याच्या या खेळाचे कौतुक करावे तेवढे थोडे. ऑफसाइड नाही, रेफ्रीला शिव्या नाहीत, हरण्याची धास्ती नाही. हेल्मेटवाला एक गडी जिना चढतो, खिशातून टेप काढतो, काही न मोजता परत खिशात घालतो आणि उतरतो. चाहत्यांनी म्हणावे, ‘आज फॉर्मात नव्हता.’

परतीचा मुहूर्त होता नोव्हेंबर २०२४चा. पहिला सामना झाला २२ नोव्हेंबर २०२५ला. वर्षभराचा जादा वेळ, तोही फुकट! तेव्हा यापुढे स्टेडियम पुरे करण्याचा अट्टहास सोडावा. नियोजित १ लाख ५ हजार खुर्च्या क्रेनकडे तोंड करून मांडाव्यात, तिकीट लावावे. सिमेंटचा मिक्सर आत शिरला की सगळ्यांनी उठून उभे राहावे.

आपल्याकडच्या सरकारी कामांवरही असा कॅमेरा बसवावा, असा अर्ज आम्ही लिहायला घेतला होता. एका जाणत्याने खर्च वाचवला: भूमिपूजनाचा एक फोटो काढून ठेवा, तोच रोज दाखवा, कुणाला फरक कळणार नाही.

तेव्हा नारळ फुटताना मोबाइल तेवढा नीट धरा, ही नम्र विनंती.