मांडीवरची थेरं

अहो, ऐकलंत का? मलकापुरात चांगल्या घरातली माणसं बिघडायला लागलीत. मटका नाही, ऑनलाइन रमी नाही, दारू तर नाहीच नाही. गिटार! आणि ती तरी चारचौघांसारखी छातीशी धरावी की नाही? तर मांडीवर आडवी पाडायची, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी रॉड घ्यायचा आणि तारांवरून वरखाली फिरवत बसायचं. भर दुपारी, दार सताड उघडं टाकून! गावाला चोवीस तास पाणी आलं तेव्हाच आमची मावशी म्हणाली होती, आता पाणी भरायची कटकट मिटली, लोक नसते उद्योग काढणार. काढले.

आपल्याकडं हिला हवाइयन गिटार म्हणतात, शिकलेले लोक लॅप स्टील म्हणतात. लक्षण एकच. साध्या गिटारीला पडदे असतात, म्हणजे काही मर्यादा आली. हिच्या तारा इतक्या उंच की पडद्यांशी त्यांचा संबंधच येत नाही. विजेवरच्या गिटारीवर तर नुसत्या रेघा आखलेल्या. ओलांडल्या तर विचारणार कोण? सूर निसरत, लाडात येत कुठूनही कुठं जातो.

हे कुणी सुरू केलं म्हणून चौकशी करावी, तर प्रकरण आणखीच रंगतं. पहिला आळ हवाईच्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू या शाळकरी पोरावर आहे. १८८० नंतरच्या दशकातली गोष्ट. रेल्वेच्या रुळाकडेला त्याला एक बोल्ट सापडला, तो तारेला घासला आणि पोरगं कामातून गेलं, असं सांगतात. पण तिथलेच काही जुने लोक गॅब्रिएल डेव्हियनचं नाव घ्यायचे. हा हिंदुस्थानात जन्मलेला. एका जहाजाच्या कप्तानानं त्याला पळवून नेलं आणि फिरत फिरत तो होनोलुलूला लागला म्हणे. म्हणजे पोरगं आपलं, पळवलं त्यांनी, आणि नाव झालं तिसऱ्याचंच! शिवाय तमिळ मुलखात तिरुविडैमरुदूरला एक गृहस्थ बिनपडद्याच्या गोट्टुवाद्यावर कांडी सरकवून मैफली मारत होते. नाव काय, तर सखाराम राव! तंजावरच्या बाजूला हे नाव कुठून आलं ते मी सांगायला नको. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यरांसारखा मोठा गवई त्यांच्याकडं शिकला. तेव्हा परदेशी खूळ म्हणून नाक मुरडताना जरा जपून.

विजेची गिटार म्हणून आजची पोरं जी मिरवतात, तिची थोरली बहीणसुद्धा ही मांडीवरचीच. जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली अख्खी अॅल्युमिनियमची गिटार बाजारात आणली. गोल पोट, लांब दांडा, म्हणून लोकांनी तिला फ्राइंग पॅन नाव ठेवलं. स्टेजवरच्या दिव्यांनी तापली की ती बेसूर व्हायची, म्हणून पुढं १९३५ मध्ये बेकलाइटची काढली. दुसऱ्या काही जुन्या गिटारींवर शिंपल्यासारखं चमचमणारं प्लॅस्टिक चढवलेलं असतं. अमेरिकेतले वादक त्याला चक्क संडासाच्या सीटचं नाव देतात. आणि आमच्याकडं खंडेनवमीला तिलाच हळदकुंकू!

बरं, सोवळ्यातली माणसं तरी यातून सुटली का? व्हॅन शिपलींनी सिनेमाची गाणी हिच्यावर वाजवून रेकॉर्डी काढल्या, ते एकवेळ चालून गेलं. पण जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा? त्यांनी हिच्यावर थेट राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि शेजारी मांडी घालून ही बया! पुढं विश्वमोहन भट्टांनी हिला जादा तारा चढवून मोहनवीणा केलं आणि १९९४ मध्ये ग्रॅमी घरी आणलं. आता बोला.

हसणाऱ्यांना एकच सांगते. गणपतीत ज्या बेंजोवर तुम्ही घाम निघेस्तोवर नाचता, तो बुलबुलतरंग जपानच्या नागोयात १९१२ साली निघालेल्या वाद्याचा वंशज आहे. त्याचं आधार कार्ड मागितलं का कुणी?

तर मुद्दा असा, की बिघडायचंच असेल तर नीट बिघडा. आमच्या शेजारचं प्रकरण मी खिडकीतून रोज बघते. गडी रॉड तारांवर असा दाबतो की तार खालच्या पट्टीला टेकून खडखडते. अरे बाबा, रॉडला स्वतःचं वजन आहे, नुसता ठेव. साध्या गिटारीत बोट पडद्याच्या जरा मागं पडतं, इथं रॉड बरोबर रेघेच्या डोक्यावर हवा. मान वाकडी करून बाजूनं बघितलं की रेघ सरकल्यासारखी दिसते आणि सूर पाव इंचानं घरंगळतो. मग घरातली कुत्री बोलायला लागतात. रॉडच्या मागं तारेचा जो तुकडा उरतो, तोही चोंबडेपणानं बोलत असतो. अनामिका आणि करंगळी मागून हलकी टेकवत नेली की तो गप्प बसतो. निम्मी कला त्या दोन बोटांत आहे. आणि प्रत्येक सुराला खालून लोळत जायचं नसतं हो! आधी सूर सरळ लावा, हात थरथरवण्याचे लाड नंतर.

तारा कशा लावायच्या यावरून तर दोन तट पडलेत. एक म्हणतो सा प सा ग प सा. दुसरा सिक्स्थवाला: सा ग प ध सां गं, म्हणजे भूपातला रिषभ तेवढा वगळला. माझं मत विचाराल तर भजन-भावगीताला पहिली, जुन्या सिनेमाच्या गाण्यांना दुसरी. मात्र कलकत्त्याच्या जुन्या पोकळ गिटारीला हौसेनं जाड तारा चढवून वरच्या पट्टीत ताणू नका. घोडी उखडून हातात येते. तारा उंच करायला डोक्याकडची पट्टी बदलायची तर मिरज कुठं लांब आहे? तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तारेची आणि घोडीची नस ओळखणारे हात आहेत ते, नीट समजावून सांगितलं तर हेही करून देतील. विजेच्या गिटारीतलं लोहचुंबक उघडं असेल तर तारकाथ्यानं घासायला जाऊ नका, त्याचे कण चुंबकाला चिकटतात ते निघता निघत नाहीत. अमेरिकेचा जुना अॅम्प्लिफायर तर थेट आपल्या बोर्डात खुपसूच नका. तो ११० व्होल्टचा, आपली वीज २३० ची. मधे ट्रान्सफॉर्मर नसेल तर आधी धूर आणि मग भांडण.

माळ्यावर आजोबांची गिटार गोणपाटात गुंडाळून पडली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. आधी उघडून बघा, जाणत्याला दाखवा. आणि शेजारी दहावीचं पोर असेल, तर संध्याकाळी सातनंतर अॅम्प्लिफायर बंद ठेवा, एवढी तरी लाज बाळगा.