जागा का सोडली?

लिहायचंय म्हणून पत्रकारितेला जाणाऱ्या मुलांना मध्येच कधीतरी ‘पानाची मांडणी’ नावाचा विषय आडवा येतो. तोवर आमची समजूत अशी, की आपण लिहून मोकळं व्हायचं, पुढचं प्रेसवाले बघतात. मग चपला बाहेर काढून त्या थंडगार लॅबमध्ये शिरलो आणि ज्या लेखात जीव ओतला होता त्याला सर ‘मॅटर’ म्हणतात हे कळलं. “मॅटर जास्त झालंय. शेवटचा परिच्छेद उडवा.” शेवटच्याच परिच्छेदात तर सगळं होतं! पण सरांना लेख वाचायचा नव्हता, बसवायचा होता.

अभ्यासक्रमात पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर होतं. सिएटलच्या अल्डस कंपनीनं १९८५ साली ते काढलं. व्हेनिसमध्ये पाचशे वर्षांपूर्वी छापखाना चालवणाऱ्या आल्डुस मानुत्सियुसच्या नावावरून कंपनीचं नाव ठेवलेलं. १९९४मध्ये अडोबीनं अल्डस विकत घेतली, १९९९मध्ये स्वतःचं इनडिझाइन आणलं आणि २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर पेजमेकरची पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे आम्ही पोचलो ते थेट तेराव्याला. गंमत अशी, की ही बातमी पुण्यातल्या पेठांमधल्या डीटीपीवाल्यांना कुणी कळवलीच नव्हती. तिथे पेजमेकर ठणठणीत होतं. सरांनाही ते ठाऊक असावं, कारण अभ्यासक्रम बदला म्हटलं की ते नुसते हसायचे.

पेजमेकर टिकून राहण्याचं कारण होतं मराठी फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे दिसण्यापुरतंच मराठी असतं. संगणकाच्या लेखी ते कुठलंतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, फक्त वर चेहरा आपला. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तिथे फाइल उघडली की रामरक्षेचीसुद्धा इंग्रजी शिव्यांसारखी काहीतरी भेळ होते. म्हणून प्रेसवाल्यांचा पहिला मंत्र, “फाइल कर्व्ह करून पाठवा.” कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं रूपांतर नुसत्या आकारांत करायचं, की फॉन्ट असो-नसो, दिसतं तसंच छापलं जातं. फक्त त्यानंतर चुकलेली वेलांटी दुरुस्त करायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जातो. आपल्याकडच्या कितीतरी पत्रिकांमधले ‘आर्शिवाद’ असे कर्व्ह होऊन अमर झालेले आहेत.

बरं, इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकावं, तर तिथली तऱ्हा आणखी वेगळी. ‘विद्यार्थी’ हा साधा शब्द चिकटवला, तर ‘व’ची ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या डोक्यावर जाऊन बसली, ‘द’ आणि ‘य’ काडीमोड घेतल्यासारखे वेगळे उभे राहिले आणि रफार वर चढायचं सोडून पाय मोडका ‘र’ होऊन खालीच थांबला. परिच्छेदाच्या खिडकीतल्या एका आडबाजूच्या यादीत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की एका क्षणात सगळे आपापल्या जागी जातात. कुणीतरी दाखवल्याशिवाय तो सापडत नाही, आणि ज्याला सापडतो तो वर्गात महिनाभर भाव खातो.

ओळींमधलं अंतरही तसंच. सॉफ्टवेअर आपल्या मनानं टाइपाच्या एकशेवीस टक्के अंतर धरतं. दहा पॉइंटाचं अक्षर असेल तर बारा. रोमन लिपीला तेवढं पुरतं. आपल्या लिपीचा संसार मात्र वरही आणि खालीही. वरच्या ओळीतल्या ‘पूर्वी’चा दीर्घ ऊकार लोंबतो, खालच्या ओळीतला ‘कैऱ्या’ दोन मात्रा उंचावून उभा, आणि दोघांची मधल्यामध्ये टक्कर होते. आमची पहिली पानं गर्दीच्या वेळच्या लोकलसारखी दिसायची ती यामुळे.

सरांचा खरा जीव मात्र मोकळ्या जागेवर. “जागा सोडायला शिका. रिकामी जागासुद्धा डिझाइनच असतं.” त्यांनी आम्हाला यान चिखोल्ट या जर्मन माणसाबद्दल सांगितलं होतं. त्यानं १९२८मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नव्या मुद्रणकलेवर पुस्तक लिहून मधोमध रचलेल्या पानांवर तोफ डागली. मजकूर एका बाजूला, दुसरीकडे ऐसपैस मोकळीक, वेलबुट्टी बंद. आम्ही भारावलो. त्या भरात मी मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका करून दिली. डावीकडे दोन नावं, खाली तारीख आणि उजवीकडे नुसता शुभ्र कागद.

मामानं ती हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग उलटी करून पाहिली.

“उरलेलं कुठेय?”

“उरलेलं काही नाही, मामा. एवढंच.”

“मग एवढी जागा का सोडली?”

“मुद्दाम सोडलीय. त्यामुळे नावं उठून दिसतात.”

“अगं, पण नावं आहेत कुठे? आत्या नाही, बेळगावचे काका नाहीत. चिंटू-पिंकीचं ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ नाही. त्यांची आई माझ्याशी बोलेल का जन्मात?”

मामा बोलत होता आणि मला वाटत होतं, की ज्याला सरांनी ‘श्रेणीक्रम’ म्हणून फळ्यावर शिकवलं, तो ह्याला आमच्यापेक्षा चांगला कळतो. आजोबांचं नाव ठळक, कारण ते वडील. काकांचं मामांच्या आधी की नंतर, यावर दोन घरांचे संबंध अवलंबून. कुणाच्या नावामागे ‘कै.’ आणि कुणाच्या मागे ‘सौ.’, कोण ‘विनीत’मध्ये आणि कोण ‘स्वागतोत्सुक’मध्ये, हे ठरवायला कुठलंही सॉफ्टवेअर पुरत नाही. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. साहेबांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, तालुक्याचे नेते थाळीएवढे, आणि खालच्या कडेला शुभेच्छुकांची तिकिटाएवढी रांग. कोण कुणाचा माणूस आणि कुणाचं वजन किती, हे पाहणाऱ्याला मोटारसायकल न थांबवता कळतं. ही कामं करणारी बरीचशी पोरं कॉलेजात डिझाइन शिकलेली नसतात.

शिवाय चिखोल्टची उरलेली गोष्ट सरांनी परीक्षेनंतर सांगितली. १९३३मध्ये नाझींनी त्याला अटक केली. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. आणि पुढे तिथे त्यानं आपलीच तरुणपणची मतं मोडीत काढली. त्या कडक नियमांमध्ये त्याला हुकूमशाहीचा वास येऊ लागला होता. तो परत मधोमध रचना करू लागला, अगदी आपल्या पत्रिकांसारखी. हे आधी कळलं असतं तर मामाशी वाद घालायची वेळच आली नसती.

पत्रिका शेवटी प्रेसमधल्या ऑपरेटरनं लावली. त्यानं दोन बोटांनी कीबोर्डवर ताल धरला, नावांचे तीन कॉलम केले, गणपती थोडा आक्रसला, चिंटू-पिंकीला तळाशी एक गोंडस चौकट दिली आणि चहा यायच्या आत सगळे नातेवाईक आत घेतले. चारी बाजूंना मात्र त्यानं बोटभर जागा सोडली होती. मामाचं लक्ष नेमकं तिथे.

“इथे अजून चार नावं बसतील की.”

“मार्जिनला हात लावायचा नाही, काका. कटिंगला जातं.”

“हो का? मग राहू दे,” मामा म्हणाला.

मला सगळं शिक्षण पणाला लावूनही जे पटवता आलं नव्हतं, ते कटिंग मशीनच्या पात्यानं एका वाक्यात पटवलं. आणि त्यात खोटं काही नव्हतंच. रंग कडेपर्यंत न्यायचा तर तीन मिलिमीटर बाहेर सोडावा लागतो आणि नावं आत ओढून घ्यावी लागतात, कारण पातं केसभर सरकलं तर पहिला बळी कडेच्या सौ. काकूंचा जातो.

आता मंडळाची स्मरणिका असो नाहीतर सोसायटीची नोटीस, कुणी जागेबद्दल हटकलं की मी सौंदर्यशास्त्रात शिरत नाही. “कटिंगला लागते,” म्हणते. परवा एका गृहस्थांनी पानाच्या मधोमध सोडलेल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. तिथे कटिंग कुठलं? मी म्हटलं, “घडीला लागते.” त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्यांनाही समजावून सांगितलं.