ओटीपी आला काय बे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात पेरणीआधीच एक पीक उगवतं, गुणगौरव सोहळ्यांचं. मंडप, हार, ट्रॉफ्या, आणि मार्गदर्शन करायला एक पुढारी. अशाच एका सोहळ्याला मी बसलो होतो. पाहुणे अकराला यायचे होते, आले दीडला. तोवर गुणवंत पहिल्या रांगेत घाम पुसत होते आणि त्यांचे धाकटे भाऊ मागच्या रांगेत बापाच्या मोबाईलवर फ्री फायर खेळत होते.

फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्येच केंद्र सरकारनं बंदी घातली, हे मला ठाऊक होतं. म्हणून शेजारच्या पोट्ट्याला म्हटलं, "अरे, हे तर बंद झालं ना?" तो मान वर न करता म्हणाला, "थे फ्री फायर काका. हे फ्री फायर मॅक्स." मी गप्प बसलो. दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्याला लागून राहणाऱ्या माणसाला बंदी म्हणजे काय, हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

पाहुणे आले आणि नेमके त्याच विषयावर बोलले. मोबाईल गेमनं पिढी बरबाद केली. पोरं मैदान विसरली. पालकांनो, जागे व्हा, पोरांच्या हातून तो मोबाईल काढून घ्या! टाळ्या पडल्या. निदान टाळ्या वाजवायला ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी वाजवल्या. बाकीच्यांनी मोबाईल उंच धरून भाषणाचा व्हिडिओ काढला. व्यासपीठाखाली एक कार्यकर्ता ते लाईव्ह सोडत होता.

माझ्या बाजूचा एक शेतकरी बाप हळूच कानाशी आला. "पोट्ट्याच्या हातून काढून घ्या म्हणते साहेब. मंग माही ई-पीक पाहणी कोण करन जी?"

त्या दिवशी मंडपात खरा मुद्दा मांडला तो याच माणसानं, आणि त्याच्यापुढं माईक नव्हता.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून करायची आहे. धुऱ्यावर उभं राहायचं, ठिकाण दाखवायचं, पऱ्हाटीचा फोटो काढायचा, पाठवायचा. २०२५ पासून हमीभावानं कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नाव टाका. पीएम किसानचे पैसे हवेत तर ई-केवायसी करा. लाडक्या बहिणीनं ई-केवायसी करायची तर तिच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचाही ओटीपी लागतो. गेल्या चार-पाच वर्षांत सरकारनं तहसील, तलाठी, बँक आणि बाजार समिती असं सगळं त्या सहा इंची काचेत भरून बापाच्या खिशात दिलं. बापाला ते उघडता येत नाही. घरात उघडता येतं ते एकालाच, आणि तो आठवीत आहे.

म्हणजे आठवीतलं पोट्टं हे घरचा तलाठी आहे. सेतू केंद्रही तेच, बँकेचा कॅशियरही तेच. सातबारा कुठल्या बटणाखाली आहे ते त्याला माहीत, आईच्या खात्यात पंधराशे आले की नाही ते त्याला आधी कळतं, बापाचा पासवर्ड तर त्यानंच ठेवलेला असतो. (बहुधा स्वतःच्या नावाचा, पुढं एक-दोन-तीन.) एवढी नोकरी करून त्याला पगार शून्य. मग काम झाल्यावर अर्धा तास तो मोबाईल परत देत नाही. घरचे याला व्यसन म्हणतात. तलाठ्यानं असं काही घेतलं असतं तर त्याला दुसरा शब्द आहे, आणि त्यासाठी अँटी करप्शनला फोन करावा लागतो.

आता गंमत पाहा. पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. एकाच झटक्यात ११८ ॲप्स गेली. आईबापांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. पण आदेशात पोरांच्या डोळ्यांचा, अभ्यासाचा, झोपेचा शब्द नव्हता. देशाची सुरक्षा आणि सार्वभौमत्व एवढंच कारण होतं. वाद चीनशी होता, आपल्या दहावीच्या निकालाशी नव्हता. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नवं नाव लावून आला, बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. पुढं २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. आमच्याकडं माहेरी गेलेली सूनही इतक्या वेळा ये-जा करत नाही. पण येताना त्यानं एक संस्कारी अट आणली. खेळणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर पालकाचा मोबाईल नंबर द्यायचा, त्यावर ओटीपी येणार, पालकानं तो सांगितला तरच खेळ सुरू.

ओटीपी येतो बापाच्या मोबाईलवर. बापाचा मोबाईल पोट्ट्याच्या हातात. पोट्टं बापाच्या वतीनं स्वतःला परवानगी देतं आणि स्वतःचे आभार मानून खेळायला लागतं. यात फसवणूक शोधू नका. परवा पीएम किसानच्या वेळी घरातून ओरडून "ओटीपी आला काय बे?" असं विचारणारा बापच होता ना? त्यानंच लावलेली सवय आहे ती.

चीनमध्ये सरकार आपल्यापेक्षा कडक. १ सप्टेंबर २०२१ पासून अल्पवयीन पोरांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणावारी रात्री आठ ते नऊ एवढंच खेळायला मुभा. पण तिथलीही पोरं मोठ्यांच्या ओळखपत्रावर घुसतात, म्हणून तिथल्या मोठ्या कंपनीला रात्री चेहरा तपासणारी यंत्रणा बसवावी लागली. मध्यरात्री तीनला आजोबा बंदूक घेऊन बेटावर उतरतात म्हटल्यावर कोणालाही शंका यायचीच.

पुढाऱ्यांना खेळांचा राग कधी येतो, याचं एक वेळापत्रक काढता येईल. २०१७ च्या पावसाळ्यात ब्लू व्हेल होता, पोरांना जीव द्यायला लावतो म्हणून बोलबाला झालेला. विधिमंडळात गाजला, केंद्रानं कंपन्यांना त्याच्या लिंका काढायला सांगितलं. मुळात तो डाउनलोड करायचा खेळ होता असं कोणाला दाखवता आलं नव्हतं, तरी बंदीची मागणी धडाक्यात झाली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनंच लोकसभेत सांगितलं की चौकशीत एकाही मृत्यूशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही. हे उत्तर किती जणांनी वाचलं? जी मुलं गेली त्यांच्या घरी नेमकं काय बिघडलं होतं, हे विचारायचं मात्र त्या गदारोळात राहून गेलं, आणि ते आजही तसंच पडून आहे.

२०१९ ला पबजीची पाळी. गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांना तो घराघरातला राक्षस वाटला. राजकोटच्या पोलिसांनी तर खेळणाऱ्या पोरांना अटकच केली. मुंबईत एका अकरा वर्षांच्या मुलानं आईमार्फत उच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका केली. आपल्या जिल्ह्यातल्या दाभडीत २०१४ च्या मार्चमध्ये 'चाय पे चर्चा' करून गेलेल्या मोदींनी २०१९ च्या जानेवारीत दिल्लीत 'परीक्षा पे चर्चा' केली. एका आईनं मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार मांडताच त्यांनी विचारलं, "ये पबजीवाला है क्या?" सभागृह खो-खो हसलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनीच देशातले नामांकित गेमर बोलावून गप्पा मारल्या, स्वतः डोळ्यांवर यंत्र चढवून खेळूनही पाहिलं. पाच वर्षांत तक्रारीचा पाहुणचार झाला. आता दाभडीच्या कापसाचंही असं काही व्हावं, एवढीच या जिल्ह्याची मागणी आहे.

अमेरिकेचं काय सांगावं? मुलांना हिंसक खेळ विकायचे नाहीत असा कायदा कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये केला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर, म्हणजे खुद्द टर्मिनेटर. पडद्यावर माणसं मारून त्यांनी नाव कमावलं, आणि त्या सिनेमाचे व्हिडिओ गेमही निघाले. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला.

आपल्याकडं इतकं लांब जायची गरज नाही. पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद. पेपरात झळकलं, वाहिन्या धावल्या. कोरोनात अभ्यासासाठी मोबाईल दिला होता, तो गेमसाठी हातात राहिला, हे गावाचं दुखणं खरं होतं. मला त्यांच्या कळकळीवर हसायचं नाही. पण अठरा हा आकडा पाहून मी थबकलो. अठराव्या वर्षी माणसाला मत मिळतं. ग्रामसभेत हात वर करतो तो अठराच्या वरचा. म्हणजे ज्यांचे हात वर होते त्यांचे मोबाईल खिशात सुरक्षित राहिले आणि ज्यांना हात वर करायचा हक्क नव्हता त्यांचे गेले. बंदी घालायला याहून स्वस्त माणूस कुठं मिळायचा?

तिकडं सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून वेगळाच उद्योग मांडला. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास गावातले मोबाईल आणि टीव्ही बंद. पोरांचे, बापाचे आणि आईच्या मालिकाही. बाभुळगावात हा भोंगा वाजवायचा असं कोणी ठरवलं तर पहिला विरोध आठवीतून येणार नाही, चौकातल्या टपरीवरून येईल. सातच्या सुमाराला तिथं अर्धा डझन जाणती माणसं खाली माना घालून बसलेली असतात. ती ध्यान करत नाहीत.

त्यांच्या मोबाईलवर पत्ते असतात, आणि पत्ते आपल्याला नवीन नाहीत. पोळा आला की बैलाच्या आधी बावन्न पत्ते सजतात, दरवर्षी पोलीस धाडी घालतात, दरवर्षी तीच बातमी छापून येते. सट्टापट्टी, कोंबडबाजार, सगळं पाहिलेला हा जिल्हा. पण पोळा वर्षातून एकदा यायचा. मोबाईलवरच्या रमीनं रोजच पोळा केला, आणि जाहिरातीत मोठमोठे लोक 'या खेळायला' म्हणू लागले. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू ३१ ऑगस्ट २०२३ ला याच कारणानं सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले. पोलिसांनी उचललं. सरकारनं त्यानंतर महिन्याभरात, १ ऑक्टोबरला, काय केलं? या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू केला. पोरांच्या फुकट्या खेळाला राक्षस म्हणायचं आणि बापाच्या पैशाच्या खेळाला करदाता! हा करदाता २०२५ च्या ऑगस्टपर्यंत सुखात होता. मग संसदेत दोन दिवसांत कायदा झाला, पैशाचा ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. दरवर्षी ४५ कोटी लोक वीस हजार कोटी घालवतात असा अंदाज सरकारनंच तेव्हा सांगितला. वीस हजार कोटींत पोरांच्या खाऊचे पैसे किती असतील, आणि कापसाच्या चुकाऱ्याचे किती?

आणि त्याच्या एकच महिना आधी ते झालं. विधान परिषद चालू, राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाईलमध्ये, मोबाईलमध्ये रमी. आमदार रोहित पवारांनी २० जुलैला व्हिडिओ टाकला. ३१ जुलैला कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावरचा विनोद अख्ख्या महाराष्ट्रानं करून झाला आहे, मी करत नाही. मला भावलं ते त्यांचं स्पष्टीकरण. आपण खेळत नव्हतो, दुसऱ्या सभागृहाचं कामकाज पाहायला यूट्यूब उघडलं, गेम आपोआप आला, तो घालवत होतो. हे वाक्य मी बाभुळगावच्या निदान वीस घरांत ऐकलं आहे. "अभ्यासाचाच व्हिडिओ पाहत होतो बाबा, थे आपोआप आलं." आठवीतल्या पोट्ट्याला यावर एक चापट मिळते आणि मोबाईल फ्रिजवर जातो. त्याचं खातं बदलून त्याला वर्गाचा क्रीडा प्रमुख केल्याचं मात्र मी पाहिलेलं नाही.

यात कोणाला वाटेल, मी गेमची वकिली करतो आहे. नाही. गेमचं व्यसन हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच यादीत घातलं. काही पोरं खरोखर त्यात अडकतात, रात्र-रात्र झोपत नाहीत, जेवत नाहीत, घरात हात उगारतात. त्यांना डॉक्टर लागतो, आणि आमच्या तालुक्याला तसा डॉक्टर यवतमाळलाच गाठावा लागतो, तोही कामाचा दिवस मोडून. गुणगौरवाच्या भाषणात मंत्रोच्चार पुष्कळ असतात, डॉक्टरचा उल्लेख नसतो. मैदानाचा असतो. पोरं मैदान विसरली म्हणतात. पोरं विसरली नाहीत जी. गावोगावी जाऊन पाहा, पोरांच्या खेळायच्या जागेवर कुठं सभामंडप उभा आहे, कुठं ले-आऊट पडलं आहे, आणि ले-आऊट कोणाचं आहे ते विचारू नका.

हा मजकूर मी बोललो आणि पुतण्यानं त्याच्या बापाच्या मोबाईलवर टाइप करून दिला. माझं बोट त्या कीबोर्डवर जोडाक्षरापाशी अडकतं, त्याचं धावतं. 'बंदी' हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी तो 'ब' टाकला की मोबाईलच पुढचं सुचवायला लागला. मोहित्यांचे वडगावपाशी आम्ही आलो तेव्हा माझ्या खिशातला मोबाईल वाजला. "काका, आकडे सांगा बरं पटकन," तो म्हणाला. मी चष्मा वर केला आणि सहाच्या सहा आकडे नीट वाचून दाखवले. पीएम किसानचा असेल, मला वाटलं. मग आठवलं, माझ्या नावावर शेतच नाही.