डाव्या बाजूचं मागचं चाक

खेळण्यातली गाडी आणि हॉबी ग्रेड गाडी यांतला फरक मी घरात इतक्या वेळा समजावून सांगितला आहे, की आता मी समोर येऊन बसलो तरी आबा कानातलं मशीन काढून खिशात ठेवतात. खरं तर फरक सोपा आहे. खेळण्यातली गाडी एक तर पळते, नाही तर थांबते. बिघडली की माळ्यावर जाते. हॉबी ग्रेड गाडीचा ट्रिगर बोटानं जेवढा दाबाल तेवढीच मोटर फिरते, रिमोटवरचं चाक जेवढं वळवाल तेवढीच गाडी वळते, आणि तिचा स्क्रू, गिअर, दांडा, सगळं सुटं विकत मिळतं. त्यातून किट घेतलं तर गाडी अशी मिळतच नाही. मिळतो एक खोका, खोक्यात पिशव्या आणि पिशव्यांत पुढे कधीतरी गाडी होईल अशी आशा.

"हे खेळणं नाही," असं मी बायकोला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण सरकार तिच्या बाजूचं निघालं. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 साली 70 वर. माझ्या एक-दशांश मापाच्या हॉबी ग्रेड बग्गीची किंमत एवढी का, हे पटवून द्यायला मी हे आकडे सांगायला गेलो आणि फसलो. बायको बचत गटाचे हिशेब लिहिते. ती म्हणाली, "अहो, खेळणं नाही तर खेळण्याचा कर कशाला भरलात?"

पैसे हिरड्याचे होते. आमच्याकडे, तळेघरच्या बाजूला, भात पोटासाठी आणि बाळहिरडा रोख पैशासाठी. मागच्या साली शिल्लक राहिलेले पैसे पोराच्या शिक्षणाला ठेवायचे असं ठरलं होतं. पोरगा आठवीत. यंत्रं हाताळल्याशिवाय इंजिनिअर होत नाही, म्हणून बग्गीचा खर्च मी शिक्षणात धरला. ट्रान्समीटर म्हणजे रिमोट, पुढची चाकं वळवणारा सर्वो, बॅटरी आणि चार्जर खोक्यात नसतात, ते वेगळे घ्यावे लागतात, हे खोका आल्यावर कळलं. तोही खर्च शिक्षणातच गेला, पण या वेळी माझ्या.

आता माझ्याबद्दल. घोडेगाव सोडून डिंभ्याच्या धरणाचं पाणी बघत एस.टी. वर चढली की भीमाशंकरच्या अलीकडे आमचं गाव लागतं, आणि या गावात मी 'चाकणला गाड्या बनवणारा' म्हणून ओळखला जातो. ही ओळख आबांनी पसरवली. मी फक्त तिला विरोध केला नाही. कुणाचा मिक्सर बंद पडला, फवारणीचा पंप अडला, की तो आमच्या ओट्यावर येतो. मी तो उघडतो, आत बघून "हं" म्हणतो, फुंकर मारतो आणि परत मिटवतो. नवल म्हणजे त्यातले बरेच चालू होतात.

खरी गोष्ट अशी की कंपनीत माझं स्टेशन म्हणजे डाव्या बाजूचं मागचं चाक. गाडी समोर येते, मी गन लावतो, ठरलेला टॉर्क आला की गन आपोआप थांबते, हिरवा दिवा लागतो, गाडी पुढे जाते. पुढचं चाक दुसऱ्याकडे. उजव्या बाजूला कोण काम करतो ते मला धड दिसतही नाही, कारण मध्ये गाडी असते. इंजिन मी कॅन्टीनच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलं आहे.

खोका मी चैत्रात, सुट्टीला येताना घेऊन आलो. अंगणात हिरडा वाळत घातलेला. मी ओट्यावर सतरंजी टाकली आणि पिशव्या मांडल्या. घरची सगळी येऊन बसली. शेजारची दोन म्हातारी माणसंही आली, कारण गाडी बनताना बघायला मिळणार होती.

बसण्याआधी मी या धंद्याचा इतिहास वाचून काढला होता. माहितीपुस्तिकेपेक्षा तो सोपा जातो. जपानातल्या शिझुओका गावची तामिया कंपनी 1946 साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली. पुढे लाकडी मॉडेलं, मग प्लास्टिकची, आणि 1976 साली त्यांनी रेडिओवर चालणारी पोर्शे 934 काढली. नंतर वाळूत, मातीत उधळणाऱ्या बग्ग्या आल्या. 1984 सालच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन बग्ग्या तर जगभरच्या शाळकरी पोरांनी घरच्या टेबलावर बसून स्वतः जोडल्या. शाळकरी पोरांनी! हे वाचल्यावर मी माहितीपुस्तिका पोराकडे दिली आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

जपानी स्क्रूची चौफुली आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाही. दिसायला दोन्ही सारखीच; पण जोर दिला की आपला स्क्रूड्रायव्हर उसळून बाहेर येतो आणि येताना स्क्रूचं डोकं गोल करून जातो. आणि हे स्क्रू प्लास्टिकमध्येच आपले आटे पाडत जातात, त्यामुळे बसला असं वाटताक्षणी थांबायचं असतं. मला थांबायची सवयच नाही. थांबण्याचं काम इतकी वर्षं गनकडे आहे. मी आवळत गेलो, हिरवा दिवा लागायची वाट बघत राहिलो, आणि गिअरबॉक्सच्या कानातून 'कट्' असा आवाज आला.

"पप्पा, बसला होता तो," पोरगा म्हणाला.

"टॉर्क बघत होतो," मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या.

मग ई-क्लिप. इंग्रजी ई अक्षराच्या आकाराची काळी कडी असते, तांदळाच्या दाण्याहून लहान. ती दांड्याच्या खाचेत दाबून बसवायची. नाही बसली तर ती उडते. माझी उडाली ती थेट अंगणात, वाळत घातलेल्या हिरड्यात. काळपट हिरड्यात काळी कडी. चुलती, बायको आणि आई सुपं घेऊन उतरल्या. पोत्याच्या हिशेबानं हिरडा पाखडून झाल्यावर पोरानं जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून हिरड्यावरून फिरवलं. त्याला चुलतीची हरवलेली सुई मिळाली, एक बिडाचा तुकडा मिळाला आणि शेवटी कडीही. चुलती पोराला म्हणाली, "बापावर गेलाय." ते मी मान्य करून टाकलं.

शॉकॲब्सॉर्बरमध्ये सिलिकॉन तेल भरून बुडबुडे वर येईपर्यंत दम धरायचा असतो; तो मी धरला नाही, म्हणून गाडी एका कुशीवर कलून उभी राहायला लागली. मोटरचा छोटा गिअर मोठ्या गिअरला किती घट्ट लावायचा, तर दोन्हींच्या मध्ये कागदाची पट्टी घालून लावायचा आणि मग पट्टी ओढून काढायची, म्हणजे बरोबर फट राहते. ही युक्ती पोरानं सांगितली. आबांनी लाइटबिल फाडून दिलं. तेवढा एक भाग अजूनही चांगला चालतो.

रंगाचं मात्र कुणाला विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. बग्गीची टप पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. मी तिला भगवा रंग दिला, वर पांढरे पट्टे काढले, बॉनेटवर लाल अक्षरांत ग्रामदैवताचं नाव घातलं. दोन म्हाताऱ्यांतला एक म्हणाला, "कंपनीतून आल्यावानी झालीया." पोरगा तेवढा गप्प होता. रंग सुकल्यावर त्यानं पुस्तिकेचं पान माझ्यापुढे धरलं. टप आतून रंगवायची असते, म्हणजे गाडी घासली तरी रंग खरवडत नाही. बाहेरून एक पातळ संरक्षक फिल्म चिकटवलेली असते. रंगकाम संपल्यावर ती सोलून टाकायची. मी सगळा देखावा फिल्मवर उभा केला होता. सोलली. भगवा रंग, पांढरे पट्टे आणि ग्रामदैवत, तिन्ही एका तुकड्यात हातात आले आणि खाली कोरी करकरीत काचेसारखी टप. तो तुकडा आईनं देव्हाऱ्याच्या मागं लावला आहे. गाडी तशीच पारदर्शक राहिली, त्यामुळे आतलं काम गावाला दिसायची सोय झाली.

वायरिंगला आम्ही रात्री बसलो. ट्रान्समीटर आधी चालू करायचा, गाडी नंतर. बंद करताना उलट. पूर्वी 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओत क्रिस्टल बसवत. एकाच क्रिस्टलच्या दोन गाड्या शेजारी आल्या तर एकीच्या रिमोटवर दुसरीही बिथरायची. आता 2.4 गिगाहर्ट्झमध्ये रिसीव्हर आपला ट्रान्समीटर ओळखून त्याच्याशीच बांधला जातो आणि दुसऱ्याचं ऐकत नाही. बायकोला ही व्यवस्था आवडली. सर्वो आधी चालू करून मध्यावर आणायचा आणि मगच त्याचा हात स्क्रूनं बसवायचा, हे सांगणारं पान दुसऱ्या पानाला चिकटून वाचायचंच राहून गेलं. तेवढ्यात लाइटही गेली. बॅटरी 7.2 व्होल्टची, निकेल मेटल हायड्राइडची. स्वस्तातल्या चार्जरवर तिला रात्र लागते आणि धावायला पाव तास. शेवटचं काम चाकांचं. गिअरबॉक्सचा कान गेल्यापासून मी आवळायला घाबरत होतो, म्हणून चारही नट हातानं अलगद लावले.

सकाळी पूजा. नवीन गाडी म्हटल्यावर आईनं हळद-कुंकू, नारळ आणि चाकांखाली लिंबं ठेवली. चुलतभाऊही आला. त्याचा बैलगाडा आहे. आमच्याकडचा गाडा म्हणजे चार बैल, पुढं घोडी आणि चढणीचा घाट. बारी सेकंदावर मोजतात. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. या तारखा त्याला पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. येताना त्यानं घड्याळ, भंडारा आणि घाटावर निवेदन करणारा एक मित्र आणला. मित्रानं मोबाइलच्या स्पीकरला माइक जोडला.

"ऐका हो ऐका! चाकणकरांचा बिनबैलाचा गाडा!"

मी ट्रिगर दाबला. मोटर किंचाळली, गाडी हलेना. चाकांपुढे लिंबं होती. ट्रकखाली लिंबू चिरडतं. आमच्या गाडीला ते चढणीचा घाट होतं. मी आणखी दाबला. मागची चाकं लिंबांवर चढली, सालीवर घसरली, नाक वर गेलं, आणि गाडीनं तिथल्या तिथे कोलांटी खाऊन टपावर अंग टाकलं. लिंबं शाबूत. आईनं ती उचलून घरात नेली. दुपारी त्यांचं सरबत झालं.

मग सगळी वरात खाचरात. भात काढून ढेकळं तुडवलेलं मोकळं खाचर, पलीकडच्या बांधाजवळ चुलतभावानं फक्कीची रेघ मारली. आंब्याखाली त्याची घोडी बांधलेली. झेंडा पडला, पोरं "भिर्रर्र" ओरडली आणि गाडी सुटली. खरंच सुटली! ढेकळावरून उडाली, खाली आली, परत उडाली. मी उजवीकडे वळवलं, ती डावीकडे वळली. म्हणून मी आणखी उजवीकडे वळवलं.

"गाडा घोडीकडं निघालाय! घोडीवाले, घोडी सांभाळा!"

घोडी जागची हलली नाही. तिनं आयुष्यात याहून वाईट गाडे पाहिले असणार. पोरगा धावत येऊन म्हणाला, "पप्पा, उलटं वळवा, सर्वो रिव्हर्स आहे." मी डावीकडे वळवलं, गाडी सरळ झाली, रेघेच्या दिशेनं तिचं तोंड आल्यावर मी पूर्ण ट्रिगर दाबला, आणि मध्यावर गाडीतून काहीतरी निघून वेगळं झालं.

चाक होतं. डाव्या बाजूचं, मागचं.

नायलॉकचा नट आतल्या नायलॉनपर्यंत आवळला तरच धरतो. मी तो तिथवर पोहोचूच दिला नव्हता. गाडी जागेवर बसली. मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा नियमच आहे, जिकडे अडथळा नाही तिकडे सगळी ताकद जाते. त्यामुळे उजवं चाक गप्प आणि डावीकडचा उघडा दांडा हवेत गरगर फिरतोय. चाक मात्र थांबलं नाही. खाचराला पलीकडे थोडा उतार आहे. ते ढेकळं चुकवत, एकदा टुणकन उडून, नीट सरळ रेषेत गेलं आणि फक्कीवरून पार झालं.

निवेदकाचा आवाज क्षणभर बसला, पण त्याचा अनुभव मोठा. "गाडा घाटात, चाक पार! बारी चाकाच्या नावावर!" चुलतभावानं घड्याळ दाबून सेकंद वाचले. पोरांनी चाक उचलून मिरवलं आणि भंडाऱ्याची मूठ उधळली. चाकावर थोडाच पडला. बाकीचा उघड्या गिअरबॉक्सच्या फुटक्या कानातून आत गेला. ग्रीसमध्ये मुरलेली हळद साफ करायला काय वापरावं, हे चारही भाषांतल्या पुस्तिकेत कुठे नाही.

त्या दुपारी पोरानं गाडी एकट्यानं पूर्ण खोलली. पिशव्यांच्या क्रमानं वाट्या मांडल्या, गिअर रॉकेलमध्ये धुतले, सर्वो मध्यावर आणला, शॉकॲब्सॉर्बरचे बुडबुडे निघेपर्यंत शेजारी बसून गणिताचा अभ्यास केला. चाकं बसवायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे केला. त्यानं पाना दिला, पण माझं मनगट धरून ठेवलं आणि ऐन वेळी म्हणाला, "बास."

पुढच्या सुट्टीला मी ओट्यावर बसलो होतो. पलीकडच्या वाडीतला एक जण फवारणीचा पंप खांद्याला लावून आला. मी उठलो, पंप घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

त्यानं पंप खांद्यावरच ठेवला. "पोरगं हाये का घरात?"

"शाळेत गेलंय."

"कधी येतंय?"

"साडेपाचला."

"मग बसतो," असं म्हणून त्यानं पंप माझ्यापासून लांब, खांबाच्या पलीकडे टेकवला. "तवर तुमी च्या ठेवाया सांगा."